मेटचा कान

माझ्याकडे तेव्हा इअरबड्सच्या तीन जोड्या होत्या, तिन्ही वायरवाल्या. सोबत खिशात मावणारा एक म्युझिक प्लेअर आणि काडेपेटीपेक्षा जरासा मोठा, आवाजाला जोर देणारा एक हेडफोन अँप. हा पसारा बघून शाळेतल्या बाया हसायच्या. मोबाइलवर गाणी वाजतात, मग हा वेगळा संसार कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी समजावत बसत नसे. चिन्नोर कुठला आणि रेशनचा तांदूळ कुठला हे भाताच्या वाफेवर सांगणाऱ्या बायांना आवाजातला फरक कळू नये, याचं मलाच नवल वाटायचं.

मी लाखनीला शिकवायचे. हायवेला लागून, टायरच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहायचे. खालून ट्रक गेला की मांडणीवरची ताटं किणकिणायची. दुकानात दिवसभर हवा भरायचं मशीन धडधडायचं. तिथे वह्या तपासायच्या तर कान झाकणं भाग होतं. सुरुवात गरजेतून झाली आणि पुढे सवयीचं वेड झालं.

या तीन वस्तू एकमेकींशी जमवून घेणं वाटतं तितकं सोपं नाही. माझी एक जोडी मऊ होती, तीत तबला छान घुमायचा पण गाणारीचा आवाज दारामागून आल्यासारखा यायचा. दुसरी इतकी तीक्ष्ण की टाळ वाजला की मी दचकायचे. अँपवर जोर कमी-जास्त करायचं एक बटण होतं. नाजूक जोडीला जास्त जोर दिला की गाण्यामागे सूं सूं ऐकू यायचं, जड जोडीला कमी दिला की गाणं मरगळायचं. त्यात कानात बसणारी रबरी टोपी मापाची नसेल तर सगळी मेहनत पाण्यात. तासन्‌तास मी हे लावून बघ, ते काढून बघ, करत बसायचे. मावशी म्हणायची, पोरगी वायरींच्या जोड्या जमवते, स्वतःची तेवढी जमवत नाही. मावशीला उत्तर देण्यात अर्थ नसतो, म्हणून मी आवाज वाढवायचे.

हा चोखंदळ कान मला बाबांकडून आला. बाबा मँगनीजच्या खाणीत होते. तुमसरच्या पुढे, मध्य प्रदेशच्या हद्दीला टेकलेल्या पट्ट्यात आमचं खाणीचं गाव. कॉलनीत दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात कडुनिंब. तरुणपणी बाबा जमिनीखाली ड्रिल मशीन चालवायचे. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, माझ्या मामाचं गाव तिकडे गेलं, त्याच सुमारास बाबा मेट झाले. मी लहान होते, त्यामुळे या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्रच बसल्या आहेत.

मेट म्हणजे खाली काम करणाऱ्या टोळीचा पुढारी. सुरुंग उडून धूर निवला की बाकीचे मागे थांबतात आणि मेट एकटा पुढे जातो. हातात सब्बल, म्हणजे लांब लोखंडी पहार, असते. तिने तो वरचं दगडाचं छत जागोजागी ठोकतो आणि ऐकतो. दगड पक्का असला तर टण्ण असा खणखणीत वाजतो. आतून सुटलेला असला तर भद्द. भद्द वाजेल तो दगड सब्बलीने पाडायचा, पडत नसेल तर त्याच्याखाली कोणी जायचं नाही. सगळं टण्ण वाजलं की मेट म्हणतो, पक्कं हाय, चला. मग टोळी मशीन घेऊन आत जाते.

हे चालू असताना मागच्यांनी बोलायचं नाही, खोकायचंही नाही. ठोकल्याचा आवाज त्यांच्याही कानावर पडतो, पण त्यावर कोणी मत द्यायचं नाही. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर पाय अडखळतो आणि माणूस जातो, असं जुने लोक सांगत. खाली कान एकच, मेटचा. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. आमच्या टोळ्यांनी आपसात पाळलेलं होतं, आणि फार अभिमानाने पाळलेलं होतं.

बाबांची ती सवय घरीही सुटायची नाही. टरबूज असो, परात असो, नवं मडकं असो, आधी बोटाच्या पेराने ठोकायचे, मान तिरपी करायचे आणि मला म्हणायचे, ऐक. मी डोळे मिटून ऐकायचे. भिंतीच्या गिलाव्यामागे वीट आहे की पोकळी, हे मला शाळेत जायच्या आधीपासून कळायचं. कॉलनीतल्या पोरींना बाप जत्रेतून बांगड्या आणायचे, मला माझ्या बापाने हे दिलं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत मी घरी आले. नवा अँप आणि तिसरी जोडी मागवून फार दिवस झाले नव्हते, ती जमवून बघायला निवांत वेळ मिळणार म्हणून मी खुशीत होते. पाणी मागितलं तर आईने स्टीलच्या पिंपातलं कोमट पाणी दिलं. वैशाखात घरात माठ नाही, हे मला विचित्र वाटलं. आई म्हणाली की तिने दोनदा माठ आणला, दोन्ही वेळा बाबांनी ठोकून फुटका ठरवला आणि परत करायला लावला. कुंभारीण चिडली. आपलं मडकं तिने आईसमोर पाणी भरून दाखवलं, थेंब गळला नाही. आई ओशाळून परत आली, पण बाबांपुढे बोलली नाही. मेटचं ऐकायचं ही आमच्या घरातही रीत होती.

माठाचं मी हसण्यावारी नेलं. खाणीतलं ऐकलं तेव्हा मात्र हसू आलं नाही.

शेजारचे काका बाबांच्या टोळीत ड्रिल चालवत. ते कुंपणापलीकडून आईशी बोलत होते. बाबा दोन-तीन महिन्यांपासून खाली एकामागून एक जागा बंद करत होते. ठोकायचे, मान तिरपी करायचे आणि मागे वळून नाही म्हणायचे. जिथे वर्षभर काम चाललं तिथेही छत सुटलं म्हणून सांगायचे. खाणीचे साहेब स्वतः उतरून बघून गेले, त्यांना काही दिसलं नाही, तरी मेट नाही म्हणतो तिथे माणसं घालायला त्यांनीही नकार दिला. टोळी दिवस दिवस बसून राहायची. मी काकांना विचारलं, तुम्हाला काय ऐकू येतं. काका माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना टण्ण ऐकू यायचं, पण आपल्या ऐकण्याला काय अर्थ, मेटला आणखी आतलं ऐकू येत असेल, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं.

कॉलनीत ही गोष्ट आधीच पसरली होती. नळावर बाया म्हणायच्या, डोंगर बसणार आहे. इतकी वर्षं आतून पोखरला, आता तो खाली बसेल. एकीने मुलांना आजोळी सिहोऱ्याला पाठवून दिलं. विहारात संध्याकाळच्या वंदनेला एरवी चार म्हाताऱ्या असायच्या, आता माणसं ओट्यापर्यंत बसायची आणि वंदना झाली तरी उठायची नाहीत. पाळीचा भोंगा झाला की बायका अंगणात येऊन उभ्या राहायच्या, आणि आपला माणूस वळणावर दिसला की काही न बोलता घरात जायच्या. मला या सगळ्याची भीती वाटायला लागली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण बाबांच्या कानावर होता.

बाबा स्वतः फार बोलत नव्हते. पाळीहून आले की आंघोळ करायचे, जेवायचे, आणि खाट उचलून अंगणात न्यायचे. उन्हाळ्यात रात्री सगळेच अंगणात झोपतात, पण बाबा भर दुपारी, झळा चालू असताना, कडुनिंबाच्या विरळ सावलीत खाट टाकून पडायचे. आत कूलर होता. आई दारातून हाका मारायची. एकदा मी पाणी घेऊन गेले आणि विचारलं, बाबा, आत का येत नाही. त्यांनी घराच्या भिंतीकडे बोट केलं.

"ठोकून पाह्यली म्या. भद्द वाजते," ते म्हणाले. "वर पक्कं काईच नाई राहिलं वं बाई. खाली तसंच, इथं तसंच. आपन सारे पोकळ जागेत राहून राहिलो."

मी आत जाऊन तीच भिंत ठोकली. छान ठणठणीत वाजली. पण बाबांना नाही ते मला ऐकू येतंय की मला नाही ते बाबांना, हे मला ठरवता येईना. त्या दिवसापासून मीही खोलीत बसले की मधूनच वर बघायला लागले. आई विळीवर भाजी चिरताना हात थांबवून वर बघायची. घरात कोणी काही पाडलं की तिघेही दचकायचो.

रविवारी दुपारी बाबांना सुटी होती. ऊन इतकं वाढलं की आईने रागावून त्यांना आत आणलं. ते पंख्याखाली नाही, दाराच्या चौकटीत बसले, उठून पळता येईल असे. मी मन दुसरीकडे लागावं म्हणून पलंगावर पसारा मांडला होता. प्लेअर अँपला जोडला, अँपला तिसरी जोडी लावली, आणि तपासणीचा आवाज सुरू केला. नव्या जोडीला मी आधी हाच आवाज ऐकवते. जमिनीतून आल्यासारख्या घुं पासून तो सुरू होतो आणि वर वर चढत जातो, शिटीसारखा होतो, शेवटी डासाच्या भुणभुणीपेक्षाही बारीक होतो. मधे कुठे खड्डा लागला, एका कानात आला आणि दुसऱ्यात नाही आला, तर जोडी जमली नाही असं समजायचं.

बाबांना यंत्रांचं पहिल्यापासून कुतूहल. काय ऐकतेस, म्हणाले. मी त्यांच्या कानात इअरबड्स बसवले, रबरी टोपी मोठी लावावी लागली, आणि आवाज पुन्हा पहिल्यापासून लावला. घुं ऐकून ते हसले. खालचा पंप असाच वाजतो, असं त्यांनी ओरडून सांगितलं. मग ते ऐकत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बंद पडलं का वं?"

बंद पडलं नव्हतं. शिटी चालू होती. बाबांच्या कानातून बाहेर झिरपणारी ती मला, हातभर अंतरावर बसलेलीला, स्वच्छ ऐकू येत होती.

मी डावा-उजवा बदलून बघितला. वायर बदलली. दुसरी जोडी लावली, ती तीक्ष्णवाली, जी मला सहन होत नसे. अँपचं बटण जास्त जोरावर टाकलं. शिटी आता आतल्या खोलीच्या दारातल्या आईलाही ऐकू आली, तिने कानावर हात ठेवले. बाबा आमच्या तोंडाकडे बघत शांत बसले होते, वाट बघत. गाणं लावलं तर गाण्यातला तबला त्यांना ऐकू आला, गाणारीचे शब्द अर्धे आले, टाळ अजिबात नाही. यंत्रात दोष नव्हता. एका उंचीच्या वरचं सगळंच बाबांसाठी संपलेलं होतं.

इतकी वर्षं ड्रिलच्या आवाजात काढलेल्या माणसाचा कान गेला यात आश्चर्य काही नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमच्या कॉलनीत सगळेच ओरडून बोलतात आणि सगळेच दोनदा विचारतात. पण मला त्या क्षणी दुसरंच समजलं आणि मी उड्या मारायची बाकी राहिले. पक्क्या दगडाचा टण्ण कशात असतो, तर त्या वरच्या खणखणाटात. तो काढून घेतला की खाली उरतं ते भद्द. भिंत, माठ, खाणीचं छत, बाबांना आता काहीही ठोकलं तरी भद्दच ऐकू येणार होतं. डोंगर बसत नव्हता. काहीच पोकळ नव्हतं.

मी त्यांना हे समजावून सांगितलं. स्टीलच्या ताटावर चमच्याने वाजवून दाखवलं, आणि त्यांना जे ऐकू येतं ते ताटावर फडकं टाकून वाजवून दाखवलं. मग त्यांनी स्वतः चमचा घेऊन पुन्हा पुन्हा वाजवलं, फडक्याने आणि फडक्याशिवाय. त्यांना दोन्ही सारखंच.

"म्हनजे खान चांगली हाय," ते म्हणाले. "मीच बिघडलो."

आणि ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले. आई रडायला लागली, मग तिने डोळे पुसून शेवया शिजवायला घेतल्या. बाबांनी खाट आत आणली आणि पंख्याखाली ताणून दिली. घरावरचं सावट गेलं असं मला मनापासून वाटलं. माझ्या त्या वायरींना आईने पहिल्यांदा चांगलं म्हटलं.

डॉक्टरला कान दाखवा आणि साहेबांना सांगा, असं मी त्यांना त्याच संध्याकाळी सांगितलं. साहेब वरचं काम देतील, दिवाळीनंतर तसेही निवृत्त व्हायचं आहे. बाबा हो म्हणाले, पण त्यांनी ते काही दिवस पुढे ढकललं. मेटला ऐकू येत नाही हे कळलं तर टोळी मागच्या सगळ्या वर्षांचा हिशेब काढत बसेल, कोणत्या दिवशी आपण कशाखाली उभे होतो म्हणून. त्यांना आधी बंद केलेल्या जागा उघडून द्यायच्या होत्या, लोकांना कामाला लावायचं होतं, मग सन्मानाने सांगायचं होतं. मला ते पटलं नाही, तरी मी वाद घातला नाही. घरात इतक्या दिवसांनी सगळे नीट जेवले होते.

सोमवारी गावचा बाजार. बाबा पाळीहून आल्यावर आई त्यांना घेऊन गेली, मी घरी तिसऱ्या जोडीला अँपशी जमवत बसले होते. येताना बाबांच्या खांद्यावर माठ होता. आई कौतुकाने सांगत होती की या खेपेला त्यांनी पहिल्याच माठाला टिचकी मारली, आणि लगेच हा घे म्हणाले. कुंभारीण बाजारात आली नव्हती, लाखनीकडून आलेल्या कोणा फिरत्या माणसाचे माठ होते. आईने तो धुतला, भरला, तिवईवर ठेवला आणि ओलं फडकं गुंडाळलं.

सकाळी मी उठले तेव्हा बाबा पहिल्या पाळीला गेले होते. आई स्वयंपाकघरात हसत होती. तिवईखाली ओहोळ झाला होता आणि माठात तळाशी ओंजळभर पाणी उरलं होतं. आई म्हणाली, बघा, चांगले होते ते परत केले आणि फुटका तेवढा हौसेने आणला. तिला ती गंमतच वाटत होती.

मी माठाला टिचकी मारली. भद्द वाजला. असा भद्द की मला पाचव्या वर्षीही कळला असता.

मला आधी काही समजलं नाही. मग एकेक गोष्ट समजत गेली. बाजारात बाबांना हाच आवाज ऐकू आला असणार. आठवड्यापूर्वी भद्द म्हणजे फुटकं होतं. रविवारपासून भद्द म्हणजे आपला कान. आता काहीही भद्द वाजलं तरी ते पक्कंच समजणार होते, कारण त्यांच्या लेकीने त्यांना ताट वाजवून तसं दाखवलं होतं. जगात फुटकं असं त्यांच्यापाशी काही उरलंच नव्हतं. आणि ते आत्ता खाली होते, बंद केलेल्या जागा उघडत.

आईला मी काही सांगितलं नाही. चपला घातल्या आणि निघाले. सकाळीच ऊन चटके देत होतं. रस्त्यावर मँगनीजची काळी धूळ, समोरून भरलेले ट्रक येत होते, आणि मी पळत होते. काल ज्या बायांना मी नळावर सांगितलं होतं की डोंगर बसत नाही, घाबरू नका, त्या मला पळताना बघून अंगणात आल्या. मागे वळून पाहिलं तेव्हा त्यांच्यातल्या दोघी माझ्या मागून चालायला लागल्या होत्या.

गेटवर मला अडवलं. मी साहेबांना बोलवा म्हणाले, इतक्या जोरात की ते स्वतःच बाहेर आले. आजूबाजूला दुसऱ्या टोळीची माणसं उभी होती, बाबांना वर्षानुवर्षं मान देणारी. मला ते एकट्यात सांगायचं होतं. तेवढा वेळ नव्हता.

"माह्या बाबांले आयकू येत नाई," मी म्हणाले. "भद्द वाजलं तरी ते पक्कं म्हनतीन. त्याईले वर आना."

शाळेत मी प्रमाण भाषा बोलायचे, पोरांनाही तशीच शिकवायचे. त्या वेळी तोंडातून हीच आली. साहेबांनी आधी माझ्याकडे आणि मग त्या माणसांकडे बघितलं. ते काही विचारत बसले नाहीत, याबद्दल मी आजही त्यांना मानते. आत जाऊन त्यांनी खाली फोन लावला.

आम्ही वाट बघत राहिलो. त्या दोघी बाया माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, मग आणखी आल्या. एकीचा नवरा त्या टोळीत होता, तिने माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. खालून कसलाही आवाज आला की आम्ही सगळ्या एकदम ताठ व्हायचो. तिथे पंप चालायचा, क्रशर चालायचा, ट्रक मागे-पुढे व्हायचे, आणि त्या सगळ्यातून मी एकच आवाज शोधत होते, जो येऊ नये असं वाटत होतं. चांगला कान हा शाप आहे असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

ते वर आले. सगळे आले. मी मोजले नाहीत, बायांनी मोजले. बाबा शेवटी होते, हेल्मेट हातात, तोंड धुळीने काळं. खाली त्यांना कारण सांगितलं नव्हतं, वर गेटवर कोणीतरी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. टोळीची माणसं आपापसात कुजबुजत होती, कोणी बाबांच्या जवळ जात नव्हतं. साहेबांनी दुसऱ्या टोळीच्या मेटला सब्बल घेऊन त्या जागी पाठवलं आणि सगळ्यांना तिथेच थांबायला सांगितलं. बाबा एका बाजूला दगडावर बसले. मी पाणी नेलं, त्यांनी घेतलं नाही.

दुसरा मेट परत आला तेव्हा त्याचे कपडे दगडाच्या भुकटीने पांढरे-करडे झाले होते. त्याने साहेबांना सांगितलं, पण ऐकलं सगळ्यांनी. त्याने आधी ठोकलं, मग दूर उभं राहून फटीत सब्बल घालून नुसती दाबली. अख्खी शिळा खाली आली. दोन खाटा मावतील एवढी. मशीन उभं करायला त्या जागी खूण केलेली होती, ती शिळेखाली गेली.

बाबांना हे सगळं ऐकू आलं की नाही मला माहीत नाही. पण तो मेट दोन्ही हातांनी शिळेचं माप दाखवत होता, ते त्यांनी पाहिलं. ते उठले आणि आपल्या टोळीसमोर जाऊन उभे राहिले. फोन गेला तेव्हा ते लोक मशीन खांद्यावर घेऊन आत निघाले होते, सगळ्यांत पुढे शेजारचे काका होते, हे मला नंतर कळलं. बाबांना ते माहीतच होतं.

"म्या ठोकलं तवा तुमाले काय आयकू आलं?" त्यांनी विचारलं.

काकांनी गमछ्याने तोंड पुसलं.

"भद्द," काका म्हणाले.

बाबांना पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. काकांना ते मोठ्याने म्हणावं लागलं.

"साऱ्याईले?"

सगळ्यांनी माना हलवल्या.

"मंग बोलले काहून नाई?"

काकांना प्रश्नच कळला नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी बाकीच्यांकडे बघितलं, मग बाबांच्या कानाशी वाकले आणि समजावल्यासारखं सांगितलं.

"तुमी चला म्हनलं होतं ना, मेट."